सिनेमातला राखण्या

खोली दाखवायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "किती वर्सं ऱ्हाणार?"

बदली होऊन मी नुकतीच डोंगरकड्याच्या शाळेत आले होते. गावाच्या टोकाला, केळीच्या बागांना लागून त्यांचं घर. खोली बाईमाणसालाच द्यायची, असं त्यांनी गावात सांगून ठेवलं होतं. भाडं किती, पाणी कुठून आणायचं, हे मी विचारणार तेवढ्यात त्यांचाच प्रश्न आला.

"बदलीचं माझ्या हातात नाही," मी म्हणाले.

"तसं न्हाई चालत, बाई. घरात लेकरू हाये. त्याला लळा लागतो. साल-दोन सालात जायचं असंल तर दुसरीकडं बघा."

ते लेकरू, म्हणजे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, दाराआडून माझ्याकडे बघत होतं. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि पांढराशुभ्र फ्रॉक. अंगणात शेळ्या, शेणाचा सडा, ओसरीवर वाळत घातलेली हळद आणि मधे हा फ्रॉक. गावातली कुठलीच आई असा फ्रॉक पोरीला घालणार नाही. मी कशीबशी पाच वर्षांची हमी दिली. राहिले मात्र त्याच्या दुप्पट.

गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणू लागले. उंच, वाळलेलं शरीर, डोक्याला पटका, खांद्यावर बारमाही घोंगडी. जात धनगराची. जन्म मेंढरांमागे गेलेला, त्यामुळे एका जागी बसले तरी नजर लांब कुठंतरी असायची. कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी खाली बघायचे, मग वर बघायचे आणि मग म्हणायचे, "सिनेमात असं हाये..."

हा सिनेमा कुठला, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. तरुणपणी त्यांचा कळप औंढ्याच्या माळावर बसला होता आणि नागनाथाची शिवरात्रीची जत्रा भरली होती. जत्रेत तंबूतला सिनेमा आलेला. मेंढरं जाळीच्या वाघरात कोंडून जाईपर्यंत पडद्यावरची नावं संपलेली असायची, आणि नावं सापडली असती तरी त्या वेळी वाचता कुठं येत होतं? जत्रा उठेपर्यंत रोज ते तोच सिनेमा बघत राहिले. एक पोरकी मुलगी आणि तिला सांभाळणारा एक माणूस, नात्याचा ना गोत्याचा. त्या माणसाला सिनेमात काय म्हणायचे, तो हिंदीतला शब्द ते विसरले होते. ते त्याला 'राखण्या' म्हणत. शेत राखतो तो राखण्या, तसा लेकरू राखणारा.

"रडू आलं का हो मामा तेव्हा?" मी एकदा विचारलं.

"आलं तर. पर घोंगडी व्हती."

ती मुलगी, सारजा, त्यांची कुणी नव्हती. तिचे आईबाप त्यांच्याच मागून कळप घेऊन येणारं जोडपं. औंढ्याच्या रस्त्यावर एका पहाटे धुक्यात ट्रक कळपात घुसला. मामा पुढे होते, आवाज ऐकून मागे पळाले. ती दोघं रस्त्यातच गेली, मेंढरं इकडंतिकडं पडलेली. बिऱ्हाडाचा घोडा मात्र कुठं दिसेना. उजाडल्यावर तो पार लांब, हरभऱ्याच्या रानात चरताना सापडला. त्याच्या पाठीवर भांडी, वाकळा आणि टोपल्यात बसलेली दीड-दोन वर्षांची सारजा. रडत नव्हती. घोड्याच्या मानेवरचे केस तिने मुठीत धरलेले होते.

जातीची चार माणसं बसली. मुलीचा चुलता होता, पण त्याचंच बिऱ्हाड मोठं, तो खाली मान घालून बसला. तेव्हा मामा म्हणाले, "मी सांभाळतो." चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा गडी. लोक हसले.

"तुला काय येतं रे लेकराचं?"

"मी बघितलंय कसं सांभाळतात ते," मामा म्हणाले.

त्यांनी ते कुठं बघितलंय, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

त्यांनी मेंढरं विकली. मुलीची शाळा एका जागी व्हायला हवी, म्हणून डोंगरकड्याला तुकडाभर रान घेतलं, दोन खोल्या बांधल्या आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी छपराखाली सलग महिना काढला नव्हता, तो घरात राहू लागला. पहिल्या पावसाळ्यात त्यांना झोप लागायची नाही, असं ते सांगत. भिंती अंगावर आल्यासारख्या वाटायच्या.

सिनेमातल्या मुलीला पांढरा फ्रॉक होता, म्हणून सारजाला पांढरा फ्रॉक. फ्रॉक ते स्वतः धुवायचे, निळीत बुडवून, दगडावर न आपटता. सिनेमातला राखण्या मुलीच्या वेण्या घालतो, म्हणून हेही घालायचे. लोकर कातरलेल्या हातांना केसांची ओढ कळायची, सारजा कधी 'आई गं' म्हणाल्याचं मला आठवत नाही. सिनेमात मारत नाहीत, म्हणून त्यांनी तिला कधी चापटसुद्धा मारली नाही. एकदा तिने शेजाऱ्याच्या केळीचा घड कच्चाच तोडला, तेव्हा ते तिच्यासमोर नुसते उभे राहिले, बराच वेळ. शेवटी तीच रडायला लागली.

एरवी बोलणं सगळं आपलं मराठवाड्याचं. पण घाबरले, किंवा आतून हलले की मामा हिंदीत शिरायचे. सारजाला टायफॉइड झाला तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले होते. मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि मामा भर उन्हात अंगणात उभे होते.

"आत या ना मामा, तिच्याजवळ बसा."

"आत डॉक्टर असतो, बाई. राखण्या भायेर असतो. सिनेमात बराबर दाखवलंय." आणि मग खिडकीतून आत न बघता, मोठ्याने, अडखळत म्हणाले, "बेटी, डरना नहीं. हम इधरच है."

आतून क्षीण आवाज आला, "मामा, मराठीत बोला."

दरवर्षी पितृपंधरवड्यात ते तिला औंढ्याच्या रस्त्यावर त्या जागी घेऊन जात. एकदा मीही गेले होते. रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, पानावर भाकरी आणि मेथीची भाजी त्यांनी तिला ठेवायला लावली. "हे तुझे आईबाप," ते म्हणाले. "यायला इसरू नको. मी नुस्ता राखण्या." ती त्यांना बाबा म्हणाली असती तर त्यांना चाललं नसतं. सारजा हे नावसुद्धा आईने ठेवलेलं, म्हणून त्यांनी बदललं नाही. सिनेमातल्या मुलीचं नाव याहून छान होतं, असं मात्र त्यांचं म्हणणं होतं.

ती तेरा-चौदाची झाली तेव्हाची एक सकाळ. मी शाळेला निघाले होते. मामा माझ्या दारात आले, पटका हातात घेऊन. जमिनीकडे बघत राहिले.

"बाई, सिनेमात हे न्हाई," ते म्हणाले.

मला आधी काही कळेना. मग आतल्या खोलीतून सारजाचं मुसमुसणं ऐकू आलं आणि कळलं. मी पिशवी खाली ठेवली. "तुम्ही शेळ्या घेऊन जा मामा. संध्याकाळपर्यंत येऊ नका."

संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या हातात पेढ्याचा पुडा होता. कुणासाठी, कशासाठी, एक अक्षर नाही. पुडा माझ्या ओट्यावर ठेवला आणि गेले. भाडेकरू म्हणून बाईमाणूसच का हवं होतं आणि किती वर्षं राहणार हे का विचारलं होतं, ते मला त्या दिवशी उमगलं.

तो सिनेमा शोधायचा नाद मला कधी लागला, सांगता येणार नाही. मोबाइलवर, नंतर लॅपटॉपवर, सुट्टीत रिकामी बसले की मी शोधायची. पोरकी मुलगी, पांढरा फ्रॉक, मोठं फाटक, शेवटी लग्न. असे सिनेमे काही थोडेथोडके नाहीत. कित्येक उघडून मी त्यांना दाखवले. ते पहिल्या दोन मिनिटांतच मान हलवायचे. आणि एका उन्हाळ्यात, एका कृष्णधवल सिनेमातलं लोखंडी फाटक दिसताच ते खाटेवरून उठून उभे राहिले.

"ह्योच."

आम्ही तो पूर्ण पाहिला. अंगणात खाट, खाटेवर लॅपटॉप, मी, सारजा आणि मामा. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला होता.

सिनेमा सामान्य होता. सिनेमातला राखण्या म्हणजे एक श्रीमंत वकील, हवेलीत राहणारा. पोरकी मुलगी घरात येते, तो तिला एका आयेच्या हवाली करतो. एक गाणं होतं आणि गाणं संपेतो मुलगी डोंगरातल्या शाळेतून शिकून, मोठी होऊन परत येते. वेण्या कुणी घातल्या नाहीत. ताप कुणाला आला नाही. फ्रॉक होता, पण तो धुताना कुणी दिसलं नाही. वकीलसाहेब बराचसा वेळ आरामखुर्चीत बसून पाइप ओढत होते.

सारजा पडद्याकडे बघायची, मग मामांकडे, मग परत पडद्याकडे.

शेवट मात्र त्यांनी सांगितला होता तसाच निघाला. वकिलाला हृदयाचा आजार आहे. मुलीचं लग्न मोडू नये म्हणून तो कुणाला सांगत नाही. वरात निघते, तो फाटकापाशी उभा राहून हसत हात हलवतो, गाडी दिसेनाशी झाली की पायरीवर बसतो आणि तिथंच प्राण सोडतो. वर व्हायोलिनं. त्या वेळी मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि घोंगडी खुंटीवर होती.

संपल्यावर त्यांनी पटका परत डोक्याला गुंडाळला. मग म्हणाले, "मधली रिळं कापलीत. जत्रेत पुरा दाखवला व्हता."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

भांडी घासताना सारजा माझ्या बाजूला येऊन बसली. हातातलं ताट बराच वेळ घासत राहिली.

"बाई, मधलं कुणी कापलं न्हाई ना?"

"नाही गं."

"त्ये समदं मामाचंच हाये." राखेचा हात तसाच धरून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "पर शेवट खरा निघाला."

त्यानंतर तिने तो सिनेमा पुन्हा पाहिला नाही, मामांनी सांगायला घेतला तरी उठून जायची.

लग्न ठरलं ते हट्टा गावच्या मुलाशी. घरची हळदीची शेती, मुलगा बोलायला कमी, पण सारजाशी बोलताना तिचं पूर्ण ऐकून घ्यायचा. मला तो आवडला. मामांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता. "रागात हात उचलता का?" मुलगा म्हणाला, "न्हाई." मामा म्हणाले, "जेवा."

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मामांनी एक विचित्र गोष्ट केली. घराला कुंपण नव्हतं. अंगण सरळ पांदीच्या वाटेला मिळायचं. त्यांनी लोहाराकडून एक लोखंडी फाटक करून आणलं आणि अंगणाच्या कडेला दोन खांब रोवून ते बसवलं. भिंत नाही, तार नाही, नुसतं फाटक, आणि त्याच्यापुढे शहाबादी फरशीची एक पायरी. शेळ्या फाटकाच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करायच्या. गाव हसलं. मीही हसले. मामा फाटकाला काळा रंग देत राहिले, मधे मधे दम खायला थांबत.

सारजा हसली नाही. ती मला म्हणाली, "बाई, मामानं शेळ्या कुणाला देऊन टाकल्या?" गोठा खरंच रिकामा होता. विचारलं तर मामा म्हणाले, "लग्नाची गडबड. कोण चारणार?" ते पटण्याजोगंच होतं.

लग्न दुपारच्या मुहूर्तावर लागलं. जेवणं झाली. उन्हं कलायला लागली तशी वरात निघाली. सारजा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, मामांच्या मात्र नाही. त्यांनी तिला जवळ येऊच दिलं नाही. ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले होते, पांढरं धोतर, पांढरा पटका. हसत होते. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गाडी निघाली, त्यांनी हात हलवला. गाडी शाळेच्या वळणापर्यंत गेली.

आणि थांबली.

दार उघडलं. सारजा शालू दोन्ही हातांनी वर धरून पळत येताना दिसली, मुंडावळ्या एका बाजूला लोंबत होत्या. मी मांडवात होते, तिथून धावले. मामा पायरीवर बसले होते. पाठ खांबाला, चेहरा घामाने डबडबलेला, उजव्या हाताने डावा खांदा दाबून धरलेला.

"मामा, उठा."

"तू काहून आलीस? नवरीनं मागं फिरू न्हाई."

"कधीपासून दुखून राहिलं?"

"काय न्हाई. उन्हाचं हाये."

"नांदेडला डॉक्टरकडं गेलते ना तुमी? मला कापड आणायला जातो म्हणून सांगितलं अन् हात हलवत आले. काय सांगितलं डॉक्टरनं?"

मामांनी डोळे मिटले. "बेटी," ते म्हणाले, "जाओ. खुश रहो."

"हिंदी बोलू नका माझ्यासंग!" ती ओरडली. एवढ्या मोठ्या आवाजात ती कधीच बोलली नव्हती. "मला समदं ठाऊक हाये. फाटक बसवलं तवाच कळलं व्हतं. वाटलं, उगं मनाचे खेळ असतील. तुमी इथं बसणार अन् मरणार, अन् मी तिकडं हट्ट्याला ओवाळून घेणार! सिनेमातल्या त्या पोरीला कुणी सांगितलंच न्हाई, म्हणून ती गेली. मला ठाऊक असून मी जाऊ व्हय?"

वऱ्हाडातली एक म्हातारी म्हणाली, "अगं, अपशकुन असतो. गाडीत बस आधी." तोवर नवरा मुलगा मागोमाग आला होता. त्याने फेटा काढून माझ्या हातात दिला आणि वाकून मामांच्या काखेत हात घातला.

"मागच्या सीटवर आडवं घेऊ," तो सारजाला म्हणाला. "नांदेडला जाऊ. हट्टा काय पळून चालला न्हाई."

मीही गाडीत बसले. मामांचं डोकं सारजाच्या मांडीवर होतं. अर्ध्या वाटेत ते पुटपुटले, "साडी चुरगळंल." ती त्यांची छाती चोळत होती, हातातला हिरवा चुडा वाजत होता.

दवाखान्यात लोक वळून वळून बघत होते. हळद लागलेली नवरी स्ट्रेचरचा दांडा धरून चाललेली. नर्सने विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"लेक."

मामांनी डोळे उघडले आणि ओठ हलवले. तो माणूस त्याही अवस्थेत दुरुस्ती करणार होता.

"गप पडा," सारजा म्हणाली.

हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या. त्या मोकळ्या केल्या. तिचा संसार सुरू झाला तो दवाखान्याच्या बाकावर. नवरा खालून चहा आणायचा, ती मामांना चमच्याने पेज भरवायची. शुद्धीवर आल्यावर मामा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "समदा शेवट नासवलास तू."

"नासू द्या," ती म्हणाली. "तोंड उघडा."

नंतरची वर्षं मामांना जरा जडच गेली. मुलीच्या लग्नापर्यंत काय करायचं ते त्यांना पाठ होतं. त्याच्या पुढचं कुठंच दाखवलेलं नव्हतं. सारजा त्यांना हट्ट्याला घेऊन गेली तेव्हा आठवडाभर ते तिच्या घरात पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसून राहिले. मुलीच्या घरी कसं जेवायचं, जावयाशी काय बोलायचं, तिला मुलगा झाल्यावर त्याला कसं घ्यायचं, प्रत्येक गोष्टीपाशी अडायचे. मला फोन करून विचारायचे, "बाई, नातवाला काय म्हणत असतात?" मी म्हणायची, "मनाला येईल ते म्हणा, मामा." पलीकडून नुसतं 'बरं' यायचं. मग फोन बंद. हळूहळू ते कोपऱ्यातून उठून ओसरीवर आले. जावयाबरोबर रानात जाऊ लागले. विचारायचे फोनही कमी झाले. माझी तोवर हिंगोलीला बदली झाली होती. भेटायला गेले की मला दिसायचं, ते आता उत्तर देण्याआधी खाली-वर बघत नाहीत. एकदा तर सारजाशी मिठावरून चक्क भांडताना दिसले.

ते यंदा गेले. मला निरोप मिळाला तेव्हा शाळेत परीक्षा चालू होत्या, मी तिसऱ्या दिवशी हट्ट्याला पोचले. अंगणात हळद शिजवायचं काम अर्धवट राहिलेलं, कढई थंड पडलेली. सारजा भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली नाही, बाजूला जागा केली.

"हळद शिजून राहिली व्हती," ती सांगू लागली. "दुपारचं. मी कढईपाशी, हे सरपण आणायला गेलेले, पोरगं मामाच्या पायापाशी खेळून राहिलं व्हतं. मामानं हाक मारली. मी म्हणलं, थांबा, जाळ जास्त झालाय. परत हाक मारली. गेले मी. वाटलं पाणी पायजे. तर म्हणले, पाणी नको. बस जराशी माझ्यापाशी."

अंगणात तिचा मुलगा थंड कढईत खडे टाकत होता.

"कधीच म्हणले न्हाईत बाई असं. जलमात न्हाई. ताप आला तरी म्हणायचे, तू तुझं काम कर."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय," सारजा म्हणाली. "जाळ तसाच ठिवला अन् बसले."